हिरव्या कोटाची लाल काजं

"बाबा, हिरव्या कोटाला लाल काजं?" कोट उजेडात धरून मुलीने विचारलं.

शिंप्याने कोट हातात घेऊन निरखून पाहिला. लाल आणि हिरवा हे रंग त्याला जन्मापासून एकसारखेच मातकट दिसत. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. तशी वेळच आली नाही. तो कापड बेतेपर्यंत ती जुळणारं रीळ मशीनवर चढवून ठेवायची. ती टापटिपीची आहे, एवढंच तो समजत होता. ती गेल्यावर त्याने पहिल्यांदाच स्वतः रीळ निवडलं होतं, आणि ते कापडाशी अगदी एकजीव दिसलं होतं.

खरं सांगितलं तर दुकान जाणार होतं. "एकट्याला झेपत नसेल तर कुलूप लावा आणि माझ्याकडे चला," असं मुलगी आल्यापासून म्हणत होती.

"मुद्दाम केलीत," तो म्हणाला. "फॅशन आहे."

"कुठे आहे?"

"येईल."

फॅशनच्या आधी मुख्याध्यापक कोट न्यायला आले. संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ होता, त्यामुळे उसवायला वेळ नव्हता. त्यांनी काजं बराच वेळ न्याहाळली.

"हे असंच असतं का हो?"

"निरोपाच्या कोटाला असंच असतं, सर."

आयुष्यभर तपकिरी कपडे घातलेला तो माणूस आरशासमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी गणिताचे मास्तर कापड घेऊन हजर. "सरांसारखीच काजं हवीत. काल लोक भाषण सोडून कोटच बघत होते."

आता खरी पंचाईत झाली. ते रीळ शिंप्याने परत डब्यात टाकलं होतं, आणि डब्यात सगळी लाल-हिरवी रिळं आपापली मातकट तोंडं करून बसली होती. त्याने डबाच मास्तरांपुढे सरकवला.

"सरांचं सरांना शोभलं. तुम्ही तुमचं निवडा. उसनी आवड अंगावर बसत नाही."

मास्तरांना त्यांची आवड बहुधा कुणी विचारलीच नव्हती. त्यांनी लाजत पिवळं रीळ उचललं. आठवडाभरात दारावर पाटी लागली: 'दोरा आपल्या पसंतीचा'. गिऱ्हाईक डब्यात हात घालून रमायचं आणि शिंपी निर्धास्त मशीन मारायचा.

मुलीने बॅग भरली. "जमतंय तुम्हाला. जाते मी."

"डोकं लागतं," तो कॉलर ताठ करून म्हणाला.

"हो ना. आई म्हणायचीच, तुझ्या बाबांना रंग कळत नाहीत, पण ते हार मानायचे नाहीत."

मशीन थांबलं.

"तिला माहीत होतं?"

"लग्न झाल्या आठवड्यापासून. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी ताकीद होती मला."

"म्हणजे त्या दिवशी तो कोट..."

"बघत होते, काय उत्तर देताय ते."

मशीनशेजारच्या रिकाम्या स्टुलावर बायकोची शाल तशीच होती. त्याने ती उचलून उजेडात धरली. मग उभ्या संसारात कधी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला.

"हिचा रंग कोणता गं?"

"लाल."

"मी तर जन्मभर हिरवी म्हणत आलो."

"आईपण हिरवीच म्हणायची," मुलगी शालीची घडी घालत म्हणाली. "शाळेत बाईंनी चूक काढेपर्यंत मीसुद्धा."