भुसावळच्या बंदरातले नाना

भुसावळात पहाटे शिट्टी वाजली तर माणूस कूस बदलतो आणि म्हणतो, गाडी आली. आमच्या कॉलनीत मात्र ती शिट्टी जहाजाची असते. नाना बागेच्या फाटकाशी ताठ उभे राहतात, गळ्यातली पितळी शिट्टी ओठांना लावतात आणि अशी चढत चढत वाजवतात की झोपलेली कुत्रीसुद्धा सावधानमध्ये येतात. मग फाटक उघडतं. समोरच्या गॅलरीतून आमचे रिटायर गार्ड अण्णा जुन्या सवयीनं हिरवी झेंडी दाखवतात. "अहो, जहाज आहे हे, मालगाडी नाही!" असं नाना रोज ओरडतात, आणि अण्णा रोज झेंडी दाखवतात.

नानांची उभी हयात नौदलात दोर आणि नांगर सांभाळण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी खटपट करून मोडीत निघालेल्या एका जहाजाचा नांगर मिळवला, मालगाडीनं इथवर आणवला आणि बागेच्या मधोमध बसवला. तेव्हा हारतुरे झाले, भाषणं झाली. मग सगळे घरी गेले आणि बाग विसरले. बाभळी माजल्या, शेळ्या शिरल्या, नांगरावर गोधड्या वाळू लागल्या. खंडेनवमीला मात्र आपापली हत्यारं पुजून झाली की कुणीतरी नांगरालाही झेंडूची माळ घालून नारळ फोडायचं. "तो काय देव आहे का?" म्हणून नानांनी पहिल्या वर्षी आरडाओरडा केला. दुसऱ्या वर्षी खोबरं मागून घेतलं.

नांगराचा इतिहास नाना विचारणाऱ्याला सांगतात आणि न विचारणाऱ्यालाही सांगतात. मी जन्मभर टीसी. बनावट पास आणि भाकड गोष्ट मला वासावरून कळते. एकदा मी म्हटलं, "नाना, मागच्या आठवड्यात हा नांगर अरबी समुद्रात होता. आज बंगालच्या उपसागरात कसा?"

"जहाज फिरतं टीसीसाहेब. नांगर काय एका जागी बसून राहील?"

"बसलाय की! किती वर्षं झाली, हलला का इथून?"

त्यावर नाना दोन दिवस नांगराचा इतिहास फक्त अण्णांना सांगत राहिले. तेवढी शांतता मला मानवली.

यंदा होळीची राख निवते न निवते तोच नानांनी जाहीर केलं, बाग पुन्हा उभी करायची, आणि तीही आखाजीच्या आत. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या सणाला भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि पुरणपोळी-आमरसावर ताव मारून गाणी म्हणतात. सण गोड खरा, पण तो येतो ऐन उन्हाळ्यात. भुसावळच्या उन्हात कावळासुद्धा सावली सोडून उडत नाही, तिथं हा माणूस आम्हा म्हाताऱ्यांना कुदळ मारायला लावणार! आम्ही म्हटलं, "पाऊस पडू द्या, माती मऊ होईल." नाना म्हणाले, "आखाजीच्या आत!" अण्णांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. "आखाजीच्या आत!" मी काहीच बोललो नव्हतो, तरी माझ्याकडे वळून म्हणाले, "आखाजीच्या आत!"

मग पाळ्या लागल्या. नाना त्यांना 'वॉच' म्हणत, आम्ही 'ड्यूटी'. पाळी संपली की रेल्वेची माणसं कुदळ टाकून बसत आणि रिलीफ आल्याशिवाय हलत नसत, उशीर झाला तर ओव्हरटाइम मागत. फाटकाला 'गँगवे' म्हणायचं, नांगराभोवतीच्या ओट्याला 'डेक'. डेकवर कुणी थुंकला की झाडू त्याच्याच हाती. "भरल्या समुद्रात असं चालेल का?" हे नानांचं पालुपद. आम्ही कुरकुरत बाभळी तोडल्या, विहिरीचं पाणी आणलं, बाकं रंगवली. खरं सांगतो, मजा आली. जन्मात एकमेकांच्या घरी न गेलेली माणसं एका माठातलं पाणी पिऊ लागली.

शेवटी राहिला झोका. बागेत जुना, दणकट कडुनिंब आहे. नाना स्वतः शिडीवर चढले. कुणाला हात लावू देईनात. दोर ओढून बघायचे, गाठ सोडायचे, पुन्हा मारायचे. मग खाली येऊन मला म्हणाले, "बसा."

"मी?"

"कॉलनीत तुमच्याइतकं वजन कुणाचं शे?"

नाना चिडले किंवा घाबरले की अहिराणीत शिरतात. तेव्हा ते घाबरले होते. मी बसलो, झोका दिला, अख्ख्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. नाना मात्र फांदीकडे बघत राहिले. एका झोक्यासाठी एवढी काळजी? माझ्यातला टीसी जागा झाला. या माणसाच्या घाईचं काहीतरी कारण होतं आणि ते त्यानं दाखवलेलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी लेकीबाळी जमल्या. फाटक उघडं होतं, पण नानांचा पत्ता नव्हता. माझी बायको म्हणाली, "इस्त्रीचे कपडे घालून अंधारातच एसटीला गेले."

नाना परतले ते दुपारी. रिक्षातून त्यांनी एका वाकलेल्या म्हातारीला हाताला धरून उतरवलं. डोक्यावर पदर, अंगावर नवं पातळ. ही त्यांची थोरली बहीण अक्का, पारोळ्याकडच्या खेड्यातली. नानांना लहानपणी हिनंच कडेवर वागवलेलं. पण हिचं लग्न झालं आणि नाना समुद्रावर गेले. एकाही आखाजीला मुऱ्हाळी होऊन ते गेले नाहीत. जेव्हा किनाऱ्याला लागले तेव्हा आई-बाप नव्हते, गावचं घर विकलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्याच्या फ्लॅटमध्ये बहिणीला बोलवायचं तर ती म्हणायची, "झोका नही ते आखाजी कसानी?" हे सगळं अक्कांनीच माझ्या बायकोला झोक्याकडे जाता जाता सांगितलं. नाना शेजारून अक्कांची पिशवी घेऊन चालले होते.

पोरी बाजूला झाल्या. अक्का झोक्यावर बसल्या. नाना मागे उभे राहिले, दोन्ही हात दोराला, आणि इतका हलका झोका दिला की पदरसुद्धा हलला नाही.

"वाट दखी दखी डोया थकी ग्यात रे भाऊ," अक्का म्हणाल्या. रागाचा लवलेश नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"उनू ना अक्का," नाना म्हणाले, आलो ना, एवढंच, आणि लहान पोरासारखे रडू लागले.

आम्ही इकडेतिकडे बघू लागलो. मला राहवेना, मी अण्णांचा हात धरला. पोरींनी कुणी न सांगता गाणं उचललं. अक्कांनी त्यातलं एक कडवं पुरं होऊ दिलं, मग मान वळवून पुन्हा न्यायला येण्याचं विचारलं, "पुढला वरीस येशी ना लेवाले?"

नानांनी बाहीनं डोळे पुसले. "येसू," ते म्हणाले. "पण तू आते परत जाऊ नको."