आसनानुरूप वजन

माणसाची योग्यता त्याच्या बुडाखाली काय आहे यावरून ठरते, हे कार्यालयीन जीवनाचे मूलतत्त्व आहे. साहेबांची खुर्ची गोल फिरते, हेडक्लार्कची नुसतीच उंच असते आणि भेटायला आलेल्याला बाकडे पुरते. पोकलेन चालवणारा माणूस तर दिवसाचे दहा तास बसूनच असतो. त्याच्या बसण्याचा आणखी वेगळा विचार करावा, अशी गरज आमच्या कंपनीला बावीस वर्षे भासली नाही.

(मी या कंपनीत पत्रव्यवहार आणि बैठकांची इतिवृत्ते पाहतो. माझ्या खुर्चीला गादी आहे.)

ही गरज तानबाने निर्माण केली. तानबा आंजीचा. गावाजवळच्या रस्ता रुंदीकरणावर तो आमचे पोकलेन चालवत असे. सीटचा फोम कधीच झडला होता. उरलेल्या पत्र्यावर युरियाची दोन पोती आणि त्यावर बायकोचे जुने लुगडे, अशी व्यवस्था त्याने कंपनीला कसलाही त्रास न देता करून घेतली होती. मुरमात बकेट अडली की दणका पत्र्यातून थेट मणक्यात जाई. एप्रिलमध्ये तो कार्यालयात आला.

"डावा पाय बधिर होऊन राह्यला, साहेब. डॉक्टर म्हणते, सीट बदल, नाईतर काम बदल."

"लेखी द्या," मी म्हणालो.

त्याने लेखी दिले. तोंडी तक्रार विसरता येते. लेखी तक्रारीसाठी मात्र समिती नेमावी लागते. मालक ओमप्रकाशजी अध्यक्ष झाले, सुरक्षा अधिकारी नीलेश सदस्य आणि मी सचिव. पाहणीसाठी मशीन बाभळीच्या सावलीत आणवले. इंजिन बंद ठेवले (चालू मशीनमध्ये हादरे बसतात, त्यामुळे मत निःपक्षपाती राहत नाही). प्रत्येक जण सात मिनिटे बसला. सदुसष्ट टक्के समितीला आसन समाधानकारक वाटले. उरलेले तेहतीस टक्के म्हणजे मी. मला पोते टोचले होते, पण अध्यक्षांचे मत ऐकल्यावर टोचायचे थांबले.

पुढच्या आठवड्यात तानबाची बायको प्रमिलाबाई आली. बाकड्यावर बसली नाही.

"मालक, एक दिवस इंजिन चालू करून तुमीच बसून पाहा," ती म्हणाली. "या माणसाले वाकता येत नाई. सकाळी त्याच्या पायात चप्पल मले घालून द्या लागते."

मी इतिवृत्तात 'कुटुंबीयांकडून विधायक सूचना प्राप्त' असे लिहिले.

या सूचनेमुळे काही झाले असते असे नाही. पण त्याच महिन्यात काम देणाऱ्या खात्याने कामगार कल्याणाचे फोटो मागवले, आणि आमच्याकडे कल्याण नव्हते. म्हणून नवी सीट आली. हवेच्या उशीवर तरंगणारी, कमरेला आधार देणारी, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे कमीजास्त करता येणारी. नारळ फुटला, फीत कापली आणि मालक सीटवर बसले. मालकांचे वजन एकशे चार किलो. मिस्त्रीने बाजूचे बटन फिरवून सीट त्यांच्या मापाने लावली. मालक म्हणाले, "वा." फोटो निघाले. मग, कोणी छेडछाड करून महागडी वस्तू बिघडवू नये म्हणून, नीलेशने ते बटन काढून कपाटात कुलूपबंद केले.

तानबाचे वजन चोपन्न किलो.

एकशे चार किलोच्या मापाने ताठलेली सीट चोपन्न किलोच्या माणसासाठी खाली दबतच नव्हती. दणका बसला की ती तानबाला टपाकडे फेकी आणि पुन्हा झेलून घेई. तिसऱ्या दिवशी तो कार्यालयात आला तेव्हा कपाळावर टेंगूळ होते.

"बटन देता का? मी माह्या मापाची करून घेतो."

बटन हे कंपनीच्या मालमत्तेत नोंदलेले असल्याने ते देता येत नव्हते. समितीने साधकबाधक विचार केला. सीट कंपनीची, वजन तानबाचे. कंपनीने आपल्या बाजूने सुधारणा केली होती. आता सुधारणा कोणी करायची राहिली होती, हे उघड होते. मी पत्र टाइप केले: 'ऑपरेटरने नव्वद दिवसांच्या आत आसनानुरूप वजन साध्य करावे.'

मला वाटले होते, तो चिडेल. त्याने पत्र दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि खरेच प्रयत्न केला. प्रमिलाबाई त्याला रोज चार भाकरी जास्त वाढू लागली. महिनाभरात दीड किलो वाढले. इतिवृत्तात मी 'प्रगती आशादायक' लिहिले. दुसऱ्या महिन्यात त्याला दोन्ही पायांवर नीट उभे राहता येईना आणि कमावलेले दीड किलो दवाखान्यात उतरले.

दवाखान्यातून सुटल्यावर तो मशीनची चावी द्यायला आला. भिंतीला हात टेकून उभा राहिला. मी गादीची खुर्ची पुढे केली, हे मला इथे नमूद करावेसे वाटते.

"बसा," मी म्हणालो.

"बसता आलं असतं, तं चावी द्याले आलोच नसतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे काय लिहावे ते मला कळेना आणि मी काहीच लिहिले नाही.

आता तो घरीच असतो, बहुतेक वेळ आडवा. प्रमिलाबाई आठवडी बाजारात भाजी विकते. कंपनीने नव्या ऑपरेटरसाठी जाहिरात दिली: किमान वजन शंभर किलो, अनुभव असल्यास प्राधान्य. कल्याणाच्या फोटोंबद्दल खात्याने प्रशस्तिपत्र पाठवले आहे.

रस्ता पूर्ण झाला आहे. तुम्ही त्यावरून गेला असालच. फार छान झाला आहे. मांडीवरच्या चहाचा थेंब सांडत नाही आणि मागच्या सीटवरचे मूल झोपेतून जागे होत नाही. इतक्या मुरमाड जमिनीतले दणके गेले कुठे, अशी चौकशी आपल्यापैकी कोणी केल्याची नोंद मात्र आमच्या कार्यालयात नाही.