कुंदाची कडी

आमची कुंदा मला घेऊन शेजारच्या आळीत सांत्वनाला गेली होती, तेव्हा तिचा गळा वाजला.

गळा वाजला म्हणजे खरोखरच वाजला. मंगळसूत्राच्या जोडीला तिच्या गळ्यात स्वयंपाकघरातले तीन टायमर असतात, लाल, पिवळा आणि पांढरा, एका नाडीत ओवलेले. म्हातारे आजोबा गेलेले, घरातली माणसं चटईवर डोळे पुसत बसलेली, आणि त्या शांततेत एकदम टिर्रर्र. कुंदानं सवयीनं टाळी वाजवली आणि म्हणाली, "चला, पाच मिनिटं सुट्टी! उठा, पाणी प्या, खांदे हलवा!"

मी मान खाली घातली. पण आजोबांची सून खरंच उठली. पाणी प्यायली, खांदेही हलवले. निघताना मला म्हणाली, "दादा, सकाळपासून मला कुणी ऊठ म्हणालं नव्हतं हो."

कुंदा माझी धाकटी बहीण. मी चौपन्नचा, ती बावन्नची. रत्नागिरीत स्वतःच्या घराच्या ओटीवर दर गुरुवारी दुपारी ती वर्ग घेते. वर्ग बायकांचा; पण सगळ्या बायकांचा नव्हे. स्वतःचा धंदा आहे आणि डोकं एका जागी बसत नाही, अशांचाच. त्याला डॉक्टरी नाव एडीएचडी. कुंदा म्हणते, "डोक्यात वांदरं. ती हाकलायची नसतात, त्यांना कामाला लावायचं असतं."

तिला स्वतःला हे कळलं सेहेचाळिसाव्या वर्षी. माझ्या भाचीचं, म्हणजे तिच्या मुलीचं, मुक्ताचं, अभ्यासात लक्ष लागेना म्हणून ती तिला पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मुक्ताला विचारलं, "वस्तू हरवतात का?" कुंदा म्हणाली, "चष्मा तर रोज!" "एक काम अर्धं टाकून दुसरं घेतेस का?" "घरात पाच बादल्या अर्ध्या भरलेल्या असतात, डॉक्टर." असे दहा-बारा प्रश्न झाल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, मुलगी ठीक आहे. तुम्ही पुढच्या खुर्चीत या."

दुसरी कुणी रडली असती. कुंदा परतीच्या वाटेवर आंबा घाटात गाडी थांबवून भजी खात मला फोनवर ओरडली, "दादा, मी वेंधळी नाहीय रे! मला नाव आहे!" मग तिनं मोबाइलवरून कुठला कुठला अभ्यासक्रम केला, दोन अर्धे टाकले, एक पुरा केला, आणि वर्ग काढला.

तिचे नियम तिचेच. लक्षात ठेवायची वस्तू वाटेत ठेवायची, पायाला लागली की आठवते. त्यामुळे तिच्या उंबऱ्यात कायम दुरुस्तीला द्यायची विळी, चपलेला बांधलेलं विजेचं बिल आणि कुणाचा तरी परत करायचा डबा असतो. कुरियरवाला आत येत नाही, लांबूनच पाकीट फेकतो. माझं अंगठ्याचं नख तिथे दोनदा उखडलं. "पण विळी लक्षात राहिली ना?" असं तिनं वर विचारलं. मेहुणे जहाजावर असतात, सहा-आठ महिन्यांनी घरी येतात. गेल्या वेळी ते आले तेव्हा कुंदा त्यांना आणायला वेळेवर स्टेशनवर गेली होती. फक्त आदल्या दिवशी. ते खरोखर आले तेव्हा ती नाचणे गावात होती, कुणा विद्यार्थिनीच्या मसाल्याच्या गिरणीवर, आणि मेहुणे दोन बॅगा घेऊन पायरीवर.

दुसरा नियम सोबतीचा. एकटीला जे काम सुरू होत नाही, ते दुसरं कुणी नुसतं शेजारी बसलं की होतं. "आपल्या आज्या सोलं फोडायला कधी एकट्या बसल्या होत्या काय गो?" ती बायकांना विचारते. "ढीगभर कोकमं आणि चार जणी. गप्पा कोकमाच्या नव्हत्या, पण हात चालायचे." म्हणून वर्गात शेवटचा अर्धा तास सगळ्या जणी आपापलं राहिलेलं काम घेऊन एकमेकींशेजारी बसतात.

मी गावाकडून, पूर्णगडच्या वाटेवरून, गुरुवारी बागेच्या खतासाठी शहरात येतो. कुंदानं मलाच धरलं. "तू बोलत नाहीस, हलत नाहीस. तुझ्यासारखी सोबत रत्नागिरीत शोधून मिळायची नाही." तेव्हापासून ओटीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर घेऊन मी बसतो. माझ्या गप्प बसण्याला आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला तो तिथे. नफीसाभाभी तर म्हणतात, "दादा असले की हात आपोआप चालतो."

या भाभी मासळीचं लोणचं करतात. शिवाय मेंदी काढतात, बुरखे शिवतात आणि मध्यंतरी मेणबत्त्या करू लागल्या. कुंदा म्हणाली, "भाभी, चार झाले. पाचवा धंदा काढलात तर मी तुम्हाला वर्गातून काढीन."

"मेणबत्त्या धंदा नाय ताई, तो छंद."

"छंदाची ऑर्डर घेतं काय कुणी?"

"फक्त चाळीस घेतल्यात," भाभी म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर पदर धरून हसल्या.

आता कडीबद्दल सांगतो. सांगायचं खरं तेच आहे. इतका वेळ मी मेणबत्त्यांच्या आड लपलो होतो.

कुंदा घराबाहेर पडताना दाराला कडी लावून कुलूप घालते. फाटकापर्यंत जाते, परत येते, कडी खडखडावते. स्कूटरपर्यंत जाते, परत येते, खडखडावते. तिसऱ्यांदा आळीच्या वळणावरून. प्रत्येक वेळी मोठ्यानं स्वतःला विचारते, "कडी लागली?" आळीला त्याची इतकी सवय झालीय की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून उत्तरं येतात: "लागली गो, जा!" एकदा समोरचे तात्या तापानं झोपले होते, तेही अंथरुणातून म्हणाले, "लागली, लागली!"

या कडीची गोष्ट ती प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगते. ती पंधरा वर्षांची असताना आमच्या घरी आंबा पिकायला घातलेला होता. आढीची खोली, गवताचे थर, त्यात हापूस. कुंदाला सांगितलेलं, गवत चाळवून झालं की दाराला कडी लाव. ती विसरली. तासाभरात वांदरांची टोळी आत. इथं ती उठून वांदर होते. एक वांदर आंबा हुंगून टाकून देतं, एक दोन्ही काखांत आंबे धरून तिसरा तोंडात घेतं, आणि म्हातारा हुप्प्या आमच्या वडिलांच्या, आबांच्या, आरामखुर्चीत बसून साल सोलून खातो. बायका हसून हसून आडव्या होतात. मग कुंदा टायमर सारखे करते आणि म्हणते, "म्हणून पहिला नियम. आपल्या आठवणीवर विसंबायचं नाही. आपल्याला वाटतं कडी लावली. लावलेली नसते."

मी पेपर वर धरतो.

कारण कडी तिनं लावली होती. काढली मी.

सतरा वर्षांचा होतो. आबांच्या बंडलातली विडी चोरून मी आढीच्या खोलीत ओढायला गेलो होतो. गवतात विडी, यावरून माझी तेव्हाची अक्कल कळावी. विहिरीकडून आबांचं खोकणं ऐकू आलं आणि मी मागच्या मागे पळालो. दार तसंच राहिलं. संध्याकाळी आबांनी सगळ्यांना खळ्यात उभं केलं. मी तोंडाचा वास जावा म्हणून पेरूची पानं चघळत होतो. "कडी कोण लावणार होतं?" कुंदा म्हणाली, "मी. आणि मी लावली होती." सगळे हसले. शाळेत दप्तर विसरणारी, एका पायात माझी चप्पल घालून जाणारी कुंदा! "तू लावलीस, मग वांदरांनी काढली काय?" ती पुन्हा म्हणाली, "लावली होती." तिसऱ्यांदा म्हणाली, "मला वाटतं, लावली होती."

ते 'मला वाटतं' मी तिथं उभा राहून ऐकलं. पानं चघळत.

त्या वर्षी कुंदानं वहीत आंब्याच्या लहान खोक्यांची चित्रं काढली होती. एका खोक्यात एक डझन, वर गावाचं नाव, बाजूला रंगीत कागद. तिला बाग बघायची होती. मला बागेत काडीचा रस नव्हता. आबा म्हणाले, "जिला कडी लावता येत नाही तिच्या हाती बाग?" आणि बाग माझ्याकडे आली. सदतीस वर्षं मी ती बघतोय. बरी चाललीय, माझ्यासारखीच.

गेल्या गुरुवारी वर्गाला स्मिता आली ती डोळे सुजवून. स्मिता तिशीतली, उकडीचे मोदक करून गोठवून मुंबईला पाठवते. तिच्या फ्रीझरचं दार उघडं राहिलं आणि अख्खी ऑर्डर वितळली. सासूबाई म्हणाल्या, हिचंच काम. "पण ताई, मी दार लावलं होतं," स्मिता म्हणाली. "खटका ऐकला मी. नक्की ऐकला."

"वाटतं तसं," कुंदा म्हणाली. चेष्टेत नाही; मायेनं. "मलाही वाटलं होतं."

"उद्यापासून सगळं मोठ्या जाऊबाई बघणार म्हणतायत. चावीही त्यांच्याकडे. मी नुसते मोदक वळून द्यायचे."

भाभींनी सुई थांबवली. कुंदानं स्मिताच्या पाठीवरून हात फिरवला. "दे बाई चावी. भांडून काय मिळतं? आपल्याला आपली डोकी माहिती. मी नाही काय राहिले?"

लाल टायमर वाजला. त्या दिवशी सुट्टी कुणी घेतली नाही.

बायका गेल्या. स्मिता सर्वांत शेवटी, उंबऱ्यातल्या विळीवरून पाय उचलून गेली. कुंदा चटया गुंडाळत होती. मी खुर्चीतून उठलो नाही.

"तुझी खताची दुकानं बंद होतील, दादा."

"कडी तू लावली होतीस," मी म्हणालो.

"आज? अजून बाहेर कुठे पडले मी?"

"तेव्हा. आढीची."

मग मी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. तीन-चार वाक्यांत संपलं. एवढंसं होतं ते, आणि किती वर्षं वागवलं मी ते अंगावर.

कुंदा चटई हातात धरून उभी. आणि एकदम हसली. "तू? विडी?"

"हो."

"आबांच्या बंडलातली?"

"हो."

"मेल्या! विड्या कमी होतात म्हणून आबांनी मलाच झोडलं होतं रे! म्हणे हिनंच कुठंतरी हरवल्या!" हसता हसता ती चटईवरच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं गेलं आणि पाणी राहिलं.

"म्हणजे मी लावली होती."

"लावली होतीस."

"आवाज झाला होता."

"झाला असणार. घट्ट बसली होती. काढायला मला दोन हिसके द्यावे लागले."

"मला तो आवाज आठवायचा, दादा. लोखंडाचा. रोज आठवायचा. मी म्हणायची, बघ, माझं डोकं किती खोटं बोलतं. आवाजसुद्धा बनवतं." तिनं टायमरची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "मी सगळ्यांना तेच शिकवलं रे."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "थांब. आधी काम."

फोन शोधण्यात पाच मिनिटं गेली. तो विळीखाली होता.

"स्मिता? कुठं पोचलीस? चावी दिलीस काय? ... नाही ना? मग देऊ नकोस. ऐक. खटका ऐकला म्हणालीस ना? मग ऐकलास. तुझ्यानंतर फ्रीझर कुणी उघडला ते घरात विचार. नीट विचार, रडत रडत नको. ... अगो, नियम बदलला. लिहून ठेवायचं ते ठेवायचंच, पण ऐकलेलं ऐकलं. ... नाही, मला काही झालेलं नाही. सर्दी आहे."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या गुरुवारी तू यायचंस. कोपऱ्यात नाही. पुढे. गोष्ट तू सांगायची, वांदर मी होईन."

"आणि बाग?" मी विचारलं. हे मला खरं तर सदतीस वर्षांपूर्वी विचारायचं होतं.

"ती वही अजून आहे माझ्याकडे. कुठे आहे ते विचारू नकोस." तिनं नाक पुसलं. "आता जा. मला जरा एकटं बसायचंय."

सोबतीची पुरस्कर्ती असं म्हणाली म्हणून मी निमूट उठलो. विळीवरून पाय उचलून बाहेर आलो. मागे दार लागलं आणि आतून कडी सरकली, लोखंडाचा आवाज करत. मी फाटकापाशी थांबलो, दुसऱ्या खडखडाटासाठी. समोर तात्या खिडकीत येऊन उभे राहिले होते, उत्तर द्यायला तयार.

आत पिवळा टायमर वाजला. वाजून वाजून आपोआप थांबला. कडीचा आवाज पुन्हा आला नाही. तात्या थोडा वेळ वाट बघून मला म्हणाले, "बरी आहे ना रे ती?"

"बरी आहे," मी म्हणालो, "कडी लागली."