ढोलकीचा मधला तुकडा

वारूळवाडीचे कांतीशेठ लावणीची रेकॉर्ड लावत, पण लावणी ऐकू देत नसत. जिथे गाणारी थांबते आणि ढोलकी एकटी बोलू लागते, नेमकी तिथे ते सुई ठेवत. तुकडा संपला की सुई पुन्हा मागे. कोणी कुरकुरले तर उत्तर ठरलेले: "गाणं राहू द्या, मदलं ऐका."

लाऊडस्पीकर भाड्याने देणे हा त्यांचा धंदा. एका हळदीत नवरीचा मामा वैतागला, "शेठ, पंगतीला नुसतं लोणचंच वाढणार का राव?"

"पावणं, बोटं लोणच्याची चाटता आन् नाव भाताचं घेता व्हय?"

ऐंशीच्या दशकात कॅसेटी आल्या. लोक रेकॉर्डी अडगळीत टाकू लागले आणि शेठ त्या उचलून घरी आणू लागले.

शेठच्या या मधल्या तुकड्याच्या नादाविषयी चौकात जे सांगितले जाते, ते सर्व खोटे आहे. म्हणे, एका गाणारणीने त्यांना झिडकारले होते. म्हणे, सुई झिजू नये म्हणून चिक्कूपणा. सुई सारखी मागे नेली तर अधिक झिजते, एवढेही या विद्वानांना उमगत नाही. मी निवृत्त ग्रामसेवक आणि शेठचा भिंतीला भिंत लागून शेजारी. ऐकीव माहितीवर मी कधी सही केली नाही. या वयात वादाचा शीण येतो. खोटे निमूट ऐकण्याचा त्याहून अधिक येतो.

एकदा पुण्याहून केस वाढवलेला एक तरुण जुन्या रेकॉर्डी शोधत आला. शेठची सवय पाहून तो हरखलाच. "शेठ, परदेशात अशा तुकड्यांच्याच रेकॉर्डी निघतात. जुन्या गाण्यांतला नुसता ठेका एकत्र केलेला. तो उचलून पोरं त्यावर नवं गाणं रचतात. हिप-हॉप!" सोबत आणलेली तसली एक दुर्मीळ रेकॉर्ड त्याने लावली.

शेठनी डोळे मिटून ती ऐकली, मग माझ्याकडे वळले. "ढोलकी न्हाई ह्यांच्यात. पन काढणारा मानूस समजूतदार हाय. भाऊसाहेब, आपला येडेपना तिकडं धंदा झाला की वो!"

शेठकडे एका लावणीच्या रेकॉर्डच्या दोन प्रती होत्या. तरुणाने शेठची दोन यंत्रे शेजारी मांडून त्या दोन्हींवर चढवल्या. एकीवरचा तुकडा संपताच दुसरी सुरू, तोवर पहिली मागे. ढोलकी थांबेचना. शेठच्या हातातला चहा निवून गेला.

"दोन आहेत, तर एक मला द्या," तरुण म्हणाला. "हा तुकडा अजून कोणत्याच संग्रहात नाही."

"न्हाई."

"मागाल ती किंमत देतो."

"आता तर मुळीच न्हाई. तुमीच शिकवलं ना राव?"

बिचारा शिकवून फसला. शेठला हाव सुटली, असा निकाल चौकाने त्याच दिवशी दिला. या आडमुठेपणाबद्दल चार शब्द सुनवावेत म्हणून मी संध्याकाळी मागच्या दाराने त्यांच्या घरात गेलो.

शेठच्या पत्नी, आमच्या वहिनी, तरुणपणीच तापात ठार बहिऱ्या झाल्या होत्या. हाकेला ओ देत नाहीत म्हणून अर्ध्या गावाने त्यांना गर्विष्ठ ठरवले होते. त्या जमिनीवर बसल्या होत्या, दोन्ही तळवे स्पीकरच्या खोक्यावर टेकलेले. गाणाऱ्या बाईचा आवाज त्या लाकडात उतरत नसे, ढोलकी उतरे. आजवर तुकडा संपला की त्यांचे हात तसेच वाट पाहत राहत असणार. त्या संध्याकाळी शेठ दोन यंत्रांमध्ये घामाघूम होऊन धावत होते आणि वहिनी मान डोलावत होत्या. मी आल्या पावली मागच्या दाराने परतलो.

पुढे काही वर्षांनी वहिनी गेल्या. तेराव्यानंतर शेठनी मला त्या तरुणाला पत्र घालायला लावले. तो आला. त्यांनी एक प्रत त्याच्या हाती ठेवली. रेकॉर्ड भारी किमतीला विकली, असे आजही चौकात छातीठोकपणे सांगतात. मी तिथे बसलो होतो. त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

निघताना मात्र शेठ म्हणाले, "पोरा, लावशील तवा आवाज मोठा ठेव. हाताला लागला पायजे."

"कानाला ना, शेठ?" तरुणाने हसून विचारले.

शेठ खाली वाकले. ते त्याच्या पिशवीचा बंद पुन्हा आवळून बांधू लागले.