आर्चीचा शिंपला आणि अकरा वेटोळी

"शुक्रवारच्या आत आर्चीची सही आणते, नाहीतर जन्मभर तुमच्या कपबशा विसळते!" मोरॅगने सोमवारी सकाळच्या चहाला भरसभेत जाहीर केलं. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या त्या भूशास्त्र विभागात एवढ्या मोठ्या आवाजात सहसा कुणी बोलत नसे.

भांडण एका बोगद्यावरून होतं. दोन कोटी वर्षांपूर्वी कुठल्याशा जिवाने शिंपल्यात पोखरलेला, केसाच्या विसाव्या हिश्शाइतका बारीक बोगदा. पोखरणारा केव्हाच गेला, पोखरणं उरलं. उसवलेल्या लोकरीसारखी वेटोळी घेणारा असा बोगदा आजवर कुणीच नोंदवलेला नव्हता. मोरॅगने दोन वर्षं खपून त्याचं वर्णन लिहिलं, नावही ठरवलं. पण विभागप्रमुखाच्या सहीशिवाय लेख बाहेर जात नसे, आणि शुक्रवारी नियतकालिकाचा अंक बंद होणार होता.

"बुडबुडा आहे तो," विभागप्रमुख आर्ची म्हणाला.

"बुडबुडा सात वेटोळी घेतो?"

"तुझ्या रेझिनमधला घेत असेल! एकाच शिंपल्यात सापडलाय. दुसऱ्यात दाखव, लगेच सही करतो."

असला बोगदा बघायची रीत मोठी निर्दय आहे. शिंपल्यात राळेसारखं पातळ रेझिन मुरवायचं, ते कडक झालं की शिंपला आम्लात विरघळवायचा. शिंपला जातो, बोगद्याचा ठसा हाती येतो. मंगळवारी मोरॅगने आपले शिंपले ठेवलेल्या, टेबलावरच्या आइस्क्रीमच्या जुन्या डब्यातून सगळ्यात खरबरीत शिंपला निवडला आणि कामाला लागली.

गुरुवारी सगळे चहाबरोबर चीज रोल खात होते, तेवढ्यात प्रयोगशाळा सांभाळणारी वाइमारी दारात आली. "मोरॅग, फसफस थांबली गं. शिंपला साफ विरघळला!"

"कुठला घेतलास?" आर्चीने सहज विचारलं.

"डब्यातला. पंख्यासारखा, कडेला टवका उडालेला."

आर्चीचा रोल बशीत पडला. "टवका... डावीकडे?"

"डावीकडेच."

"अगं, तो माझा होता!"

तिशीत असताना आर्चीने शिंपल्याची एक जात शोधली होती, जन्मातली एकुलती एक. ती ज्या नमुन्यावरून ओळखायची, तो मूळ नमुना आता आम्लात होता.

"माझ्या डब्यात कसा आला?" मोरॅगने विचारलं.

"सोमवारी तू घरी गेल्यावर तुझे शिंपले तपासत होतो. तुलनेला माझा आणला. मध्येच फोन वाजला, आणि तो राहिला."

"बुडबुडे शोधत होतात!"

"...हो."

"आणि त्याचं लेबल?"

आर्चीने खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढली. "तो माझा आहे हे तुला कळू नये म्हणून काढलं होतं."

"वा!" वाइमारी म्हणाली. "चोरी करायला आला आणि स्वतःचंच पाकीट विसरून गेला!"

"मोरॅग, निदान दिलगिरी तरी व्यक्त कर," आर्ची कळवळून म्हणाला.

"शिंपल्याचं वाईट वाटतंय. पण माफी नाही मागणार. माझ्या टेबलावरचा माझा डबा! चला, बघायचंय ना?"

ठशाला सोन्याचा मुलामा दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर लोकर उसवत गेली. एक वेटोळं, दोन, तीन...

"मोजा, आर्ची. मोठ्याने."

आर्चीने मोजली. "अकरा," तो पुटपुटला.

"बुडबुडा?"

आर्चीने पेन मागितलं.

सही झाली. मग संग्रहालयाचा अर्ज भरायला वाइमारी बसली. "मूळ नमुन्याची स्थिती काय लिहू?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच लिहिलं: 'शिंपला नाही. त्याच्यातलं भोक उत्तम स्थितीत.'

आर्चीने हळूच पिवळी चिठ्ठी मोरॅगच्या ठशाच्या डबीवर चिकटवली. मोरॅगने ती सोलून परत त्याच्या हातात दिली. "खिशातच ठेवा. तिथे सवय झालीय तिला."

लेख शुक्रवारी सकाळी गेला. मोरॅग ताठ मानेने चहाच्या खोलीत आली, तर सिंकवरच्या पाळीच्या यादीत आजच्या कपबशांपुढे नाव होतं तिचंच!