रिकाम्या बाकांचा तक्ता

“येऊ नका, असं म्हणायचं नाही. यायची त्यांची त्यांनाच लाज वाटली पाहिजे.”

साथ सुरू झाली त्या आठवड्यात साहेबांनी ही सूचना दिली, आणि पुढे कितीतरी दिवस ती मजकूरबाईंच्या कानात साहेबांच्याच आवाजात, साहेबांच्याच खोकल्यासकट वाजत राहिली. (खोकला किरकोळ होता. साहेबांनी त्यासाठी दोनच विशेषज्ञांना दाखवलं.)

कुठल्याही रुग्णालयाचा खरा शत्रू रोग नसून रुग्ण असतो. रोग बिचारा शिस्तीचा. त्याची वर्गवारी होते, त्याच्यावर परिषदा भरतात. रुग्ण मात्र वेळीअवेळी उगवतो, बरोबर दोन नातेवाईक आणतो आणि ‘इथे दुखतं, नाही, जरा खाली’ असं मोघम बोलतो. साथीत तर रुग्णालयाच्या नव्या इमारतीत धाप लागलेल्या माणसांना खाटा पुरेनात, डॉक्टरांना पाठ टेकायला मिळेना. हे खरंच होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा ज्यांचं अडत नाही त्यांनी गर्दी करू नये, हे सांगणं भागच होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण एका वाक्यासाठी कुणी संदेश कक्ष स्थापन करत नाही.

संदेश कक्ष आरोग्य कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर होता. साहेब, चित्रकार, आकडेवाले आणि मजकूरबाई एवढी त्याची माणसं. मजकूरबाई सव्वीस वर्षं मजकूर लिहीत होत्या. हात धुवा, पाणी उकळा, डबक्यात तेल टाका, हे सगळं त्यांचंच. पण त्या मजकुराचं यश कधी मोजता आलं नव्हतं, कारण कुणी हात धुतले हे मोजायला कुणाच्या मोरीत जाऊन उभं राहता येत नाही. या खेपेला मात्र मोजायची सोय झाली. रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, जिथे साथीखेरीज बाकीचे सगळे आजार तपासत, प्रतीक्षागृहात बासष्ट बाकं होती. रोज दुपारी चारला तिथला रखवालदार त्यांतली रिकामी बाकं मोजायचा आणि आकडा चौथ्या मजल्यावर कळवायचा. जितकी रिकामी बाकं, तितका संदेश पोचला. इतकं स्वच्छ गणित त्या कार्यालयात पूर्वी कुणी मांडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी रिकामी बाकं शून्य. मग मजकूरबाईंनी संदेश क्रमांक एक लिहिला: ‘घरी थांबा, रुग्णालय वाचवा.’ भोंग्याची गाडी गल्लीगल्लीतून फिरली. रिकामी बाकं अकरा. क्रमांक चार, ‘किरकोळ दुखण्यासाठी गरजूची जागा अडवू नका’: सव्वीस. क्रमांक सहामध्ये चित्रकाराने नुसती एक खुर्ची काढली आणि खाली, ‘ही तुमच्यापेक्षा कुणालातरी जास्त हवी आहे.’ एकोणचाळीस. (त्या आठवड्यात लोक घरातल्या खुर्चीवर बसायलाही कचरत होते, असं म्हणतात.) क्रमांक आठ थेट रुग्णालयाच्या दारावरच लावला. त्यात दोनच शब्द होते: ‘आलात? नक्की?’

मधे एकदा ‘किरकोळ’ म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न चित्रकाराने काढला. (चित्र काढणारी माणसं असले प्रश्न काढतात.) दोन तास बैठक झाली. शेवटी ठरलं की रुग्ण जे दुखणं स्वतःच्या पायांनी चालत येऊन सांगू शकतो, ते किरकोळ. ज्याचं गंभीर आहे त्याला चालताच यायचं नाही, म्हणजे तो येणारच नाही. दोन्ही बाजूंनी प्रश्न मिटला. त्यावरून मजकूरबाईंनी एका बैठकीत संदेश क्रमांक नऊ लिहिला:

‘चालत येऊ शकता? मग घरीच बरे होऊ शकता.’

साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “बाई, याला म्हणतात लेखणी.” सव्वीस वर्षांत त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या नेहमीपेक्षा ताठ चालत घरी गेल्या. रिकामी बाकं त्रेपन्न.

कौतुक करणारं आणखी एक माणूस होतं. मजकूरबाईंची आत्या. आईमागे आत्यानेच त्यांना वाढवलं. आत्या तीस वर्षं एका शाळेत घंटा वाजवत होती आणि त्या तीस वर्षांत त्या शाळेत एकही तास मिनिटभर लांबला नाही. नियम म्हटला की तिचं मन प्रसन्न होई. एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटीच राहायची. क्रमांक नऊ तिने दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर चिकटवला होता, म्हणजे बाहेर पडायचा विचार आला की आधी तो वाचावा लागे. रोज संध्याकाळी फोन करून ती नव्या संदेशाचं परीक्षण करायची.

“आजचं छान आहे गं. पण ‘कृपया’ कशाला? दटावायचं तर सरळ दटाव.”

संदेशाचे अनुषंगिक लाभही दिसू लागले. आकडेवाल्यांनी तक्ता केला. हृदयविकाराचे झटके सेहेचाळीस टक्क्यांनी घटले होते. अर्धांगवायू एकतीस टक्क्यांनी. पोटाच्या गाठी जवळजवळ नामशेष. नागरिकांनी सामाजिक जाणिवेतून आपापले आजार पुढे ढकलले, एवढंच नव्हे तर काहींनी ते कायमचे सोडून दिले, असा निष्कर्ष खाली नोंदवला होता. घरी झालेल्या मृत्यूंचा तक्ताही होता म्हणे, पण तो दुसऱ्या मजल्यावरच्या जन्म-मृत्यू शाखेचा. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत असं कुणाला वाटलं नाही, कारण दोघांच्या कागदांचा आकार वेगळा होता.

मग एका सकाळी जुन्या इमारतीतल्या हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाई चार जिने चढून वर आल्या. त्यांच्याकडच्या परिचारिकांनी औषधांची कपाटं तीनदा आवरली होती आणि आता चौथ्यांदा आवरायला घेतली होती.

“माझे रुग्ण कुठे गेले?” त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

“बरे झाले,” साहेब म्हणाले.

“असे आपोआप?”

“आपोआप कसे? संदेशाने.” साहेबांनी तक्ता पुढे सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला आणि तसाच परत सरकवला. “साहेब, हृदय सुट्टीवर जात नाही. जे येतायत ते चार-चार दिवस घरात काढून येतायत. तोवर त्यातलं निम्मं मेलेलं असतं. आणि जे येत नाहीत, त्यांचं तुम्हीच समजा. छातीत दुखलं तर त्याच क्षणी या, एवढं एक वाक्य लिहा. माझ्याकडे खाटा रिकाम्या आहेत हो!”

“रिकाम्या आहेत ना? मग चाललंय की उत्तम.”

तरीही साहेबांनी विनंतीचा मान राखून बैठक बोलावली. मजकूरबाईंनी लिहून आणलं, ‘छातीत दुखतंय? लगेच या.’ आकडेवाले म्हणाले, “लगेच म्हटलं तर लगेच येतील. बाकांचं काय?” साहेब म्हणाले, “दुखतंय हे ठरवणार कोण?” एक वाजेपर्यंत मजकूर असा झाला: ‘छातीत दुखत असल्यास, व ते खरोखरच दुखत असल्याची स्वतःशी खात्री पटल्यास, इतरांचा विचार करून, शक्यतो यावे.’ ‘शक्यतो’ कुठे घालायचं यावर मतभेद असताना मजकूरबाईंचा फोन वाजला. आत्या दुपारी कधी फोन करत नसे.

“काही नाही गं. एक विचारायचं होतं. क्रमांक नऊ हातालाही लागू आहे का?”

“कसला हात?”

“डावा. दुखतो जरा. जबड्यापर्यंत कळ जाते. घाम येतो, पण घाम काय, दिवसच उकाड्याचे आहेत.”

मजकूरबाईंना दरवाजाबाहेर उभं राहूनही आतलं ‘शक्यतो’ ऐकू येत होतं. “आत्या, कधीपासून?”

“चार दिवस झाले असतील. पण मला चालता येतंय हो! मोरीपर्यंत जाऊन येते. मग किरकोळच ना?”

मजकूरबाई पिशवीही न घेता निघाल्या. वाटेत त्यांनी रुग्णवाहिकेचा क्रमांक लावला. तिकडून गोड आवाजात विचारणा झाली, आणीबाणी असल्यास एक दाबा, खरोखर आणीबाणी असल्यास दोन दाबा. (हा मजकूरही कुणाचा, हे सांगायला नको.) त्यांनी दोन दाबलं.

आत्या पलंगाच्या कडेला बसली होती, पदर खोचून, घंटा द्यायला निघाल्यासारखी. चेहरा राखेच्या रंगाचा. पण हटायला तयार नाही.

“मी नाही यायची. लोक काय म्हणतील? भाचीच सगळ्यांना थांबवते आणि हिची आत्या गाडीत बसून चालली.”

“आत्या, मी सांगते ना, चल.”

“तू तोंडी सांगतेस. दारावर छापील आहे.”

आयुष्यात कधी आत्यापुढे आवाज न चढवलेल्या मजकूरबाई तेव्हाही आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि लिहिलं, ‘संदेश क्रमांक चौदा. या.’ खाली सही केली, तारीख घातली. चौदा संदेशांत बैठकीशिवाय निघालेला हा एकच, आणि सर्वांत आखूडही.

आत्याने तो लांब धरून वाचला. “आता कसं! ‘शक्यतो’ नाही, ‘कृपया’ नाही.” आणि उठून चपला घालू लागली. रुग्णवाहिकेच्या माणसांनी तिसऱ्या मजल्यावरून तिला खुर्चीत बसवून खाली नेलं, तेव्हाही ती म्हणतच होती, की मी चालले असते.

रुग्णालयात कार्डिओग्राम पाहून डॉक्टरीणबाईंनी मजकूरबाईंकडे पाहिलं. ओळखलंही असेल, पण त्या तशाच आत वळल्या. दोन तासांनी बाहेर येऊन म्हणाल्या, “जगतील. पण निम्मं हृदय गेलं. चार दिवसांपूर्वी आणलं असतंत, तर थोडक्यात निभावलं असतं. आता जिना बंद, वजन उचलणं बंद. दोन पावलं चालल्या तरी धाप लागेल.” आत्याला एकच हृदय होतं, त्यातलं निम्मं आता रजेवर गेलं आणि पुन्हा रुजू होणार नव्हतं. तक्त्यात मात्र त्याला कुठलाच रकाना नव्हता. त्या दिवशीच्या तक्त्यात एवढंच आलं: रिकामी बाकं एकसष्ट. एका बाकावर दोन तास मजकूरबाई बसल्या होत्या. पुढे साहेबांनी शेरा मारला, ‘एक कुठून आलं?’

दुसऱ्या दिवशी आत्याला बोलता आलं.

“रडू नकोस गं. तुझ्या कागदाने नाही मी थांबले.”

“मग?”

“कागदाचं काय, तो दारावर असतो, दार उघडलं की मागे जातो. पहिल्याच दिवशी मी निघाले होते. जिना उतरले, अंगणापर्यंत गेले. तर वरच्या खिडकीतून आवाज आला, ‘काय हो, एवढं काय झालंय? चालताय की छान! लोक तिकडे मरतायत.’ मी वर पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ फिरवून आले वर.” तिने दम घेतला. “आणि मी एकटीच नाही. आमच्याच जिन्यात बघ. दुसऱ्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे आहेत ना, बारा दिवस पोट धरून बसलेत. तळमजल्यावरच्या सुईणबाईंना छातीत गाठ लागलीय, साथ संपली की जाऊ म्हणतात. सगळे चालतायत गं. जाऊन सांगशील त्यांना? फोनवर नको. दारात उभी राहून सांग. वचन दे.”

मजकूरबाईंनी तिचा हात हातात घेतला. “सांगते.”

त्या खिडकीत कोण होतं, हे आत्याने सांगितलं नाही आणि मजकूरबाईंनी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात? सरकारने नुसतं लिहिलं. गाडीने नुसतं वाजवलं. राबवलं ते खिडक्यांनी, आणि त्या दिवसांत खिडकीत नव्हतं असं होतं कोण? हे वाचताना तुम्ही साहेबांना हसलात, ठीकच केलंत. हसण्यासारखेच आहेत ते. पण तुमच्या खिडकीला बाहेरचा रस्ता दिसतो ना? आणि तुम्ही काळजीपोटीच विचारलं होतंत ना?

त्या दुपारी मजकूरबाईंनी कार्यालयात रजेचा अर्ज टाकला, कारणाच्या रकान्यात ‘सांगायला जाणे’ असं लिहिलं, तोंडावर फडकं बांधलं आणि आत्याच्या इमारतीचं फाटक उघडलं. अंगण अर्धंच ओलांडलं असेल, तोच वरून तुमचा आवाज आला, “कुठे निघालात? एवढं काय अडलंय?”

मजकूरबाईंनी मान वर केली नाही. त्या तळमजल्यावरच्या पहिल्या दाराशी गेल्या आणि कडी वाजवली.