सुभेदारांनी पाळलेली बुरशी

सुभेदार मानसिंग गेले बारा दिवस शेणखताच्या ढिगावर पहारा देत होते. चोवीस वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाने मलकापुरात परतून शेण राखत बसावं, हे त्यांच्या बायकोला, राहीबाईंना मुळीच पटलेलं नव्हतं. आल्यागेल्याला चहाबरोबर त्या हेही ऐकवत.

पण शत्रू जमिनीखाली होता. गेल्या साली टोमॅटोची झाडं उपटली तर मुळ्यांवर गाठीच गाठी. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींचे प्रताप. औषधं ओतून थकल्यावर सुभेदारांनी त्या कृमींची अंडी खाणारी मित्रबुरशी आणली, शेणखतात कालवली, वर ओलं पोतं टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालू लागले. उद्या हे खत वाफ्यांत मिसळून रोपं लावायची होती.

"ह्या बारीला फसलं तर रान माझ्या ताब्यात," राहीबाईंनी बजावलं होतं. "तुमी आपलं कट्ट्यावर जाऊन बसा."

सुभेदार रोपं आणायला रोपवाटिकेत गेले आणि नेमका तेव्हाच त्यांचा मेहुणा बाळासो तासगावहून आला. बाळासो द्राक्षबागायतदार. द्राक्षवाल्याचं अर्धं आयुष्य बुरशी मारण्यात जातं. भाकरीवर बुरशी दिसली तरी त्याचा हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो.

सुभेदार रोपं घेऊन परतले, तर बाळासो हातपाय धूत उभा.

"दाजी, थोडक्यात वाचलासा!"

"कशातनं?"

"तुमच्या ढिगाला लय बुरशी लागलीवती. पांढरी फेक! गाडीत पंप हुताच. दोन हात मारलं. आता नाव घ्यायची न्हाई."

सुभेदारांना अक्षरशः रडू यायला लागलं. शिव्या द्याव्यात तर हा बायकोचा भाऊ, न द्याव्यात तर सैन्यात शिकलेलं सगळं वाया.

"बाळासो," ते कसेबसे म्हणाले, "ती बुरशी मी पाळली हुती."

"पाळली? बुरशी कोन पाळतंय व्हय?"

"मी! बारा दिवस, पाणी पाजून!"

बाळासोचा चेहरा पडला. पण चूक झाली की लगेच निस्तरायची, असा त्याचा स्वभाव. "औषध धुऊन काढतो," म्हणत त्याने मोटार चालू केली आणि पाइप ढिगावर धरला. पाण्याचा जोर असा की शेण उताराने निघालं, गल्ली ओलांडून थेट शेजारच्या नाथाजींच्या अंगणात शिरलं. तिथे साडीवर कुरडया वाळत होत्या.

"आवं सुभेदार!" नाथाजी ओरडत आले. "पोरीच्या सासरी धाडायच्या कुरडया हुत्या ह्या!"

सुभेदार ओसरीवर मटकन बसले. आत राहीबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"हसतीस काय? माझी बुरशी मेली!"

"काय मेली न्हाई. त्यात हुती कुटं?"

"म्हंजे?"

"सोमवारी तुमी साताऱ्याला गेलासा तवा समदं खत मी काढून घेतलं. जागेवर साधं शेण थापलं."

"मग ती पांढरी फेक?" बाळासो म्हणाला.

"उनाड आसंल कसली तरी. ओल्या शेणाला येतीच की रं."

सुभेदार हिशेब लावत होते. "सोमवारपास्नं मी पाणी कशाला घालतोय?"

"शेणाला."

"आगं, पण घेतलंस कशाला? तू तर माझ्या बुरशीला हसत हुतीस!"

"माझ्या परसातल्या वांग्यांच्या मुळ्यांना बी गाठी हायत न्हवं. आन् मागितलं असतं तर गावभर छाती फुगवून हिंडला असतासा. आठ पाट्या उरल्यात गोठ्यात, ओल्या पोत्याखाली."

सुभेदार ताडकन उठले. "आण त्या!"

"देते की. पर अर्ध्या रानात माझी वांगी."

सुभेदारांनी माना टाकायला लागलेल्या रोपांकडे पाहिलं. "पाव रान घे," ते म्हणाले. "पावाच्या वर एक वाफा मिळायचा न्हाई."

"बरं, ऱ्हाऊ द्या," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "पर नाथाजीभावजींच्या कुरडया परत कोन घालून देनार? तुमी?"

दारात नाथाजी शेणात भिजलेली साडी धरून उभेच होते.

सुभेदारांनी गुमान रिकामी पाटी उचलली आणि अर्ध्या रानावर पाणी सोडून ते गोठ्याकडे निघाले.